घोड्यापासून मैलभत्त्यापर्यंत: ब्रिटिश प्राप्तिकरातील प्रवासखर्चाचा इतिहास

स्वतंत्रपणे कंत्राटी काम करणाऱ्या माणसाला आपल्या मोटारीचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता यावा की नाही, आणि यावा तर किती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. परंतु ब्रिटनच्या प्राप्तिकराच्या इतिहासात माणसाचे राहणे कोठे संपते आणि त्याचा धंदा कोठे सुरू होतो, याचा जितका बारकाईने विचार या प्रश्नाच्या निमित्ताने झाला तितका क्वचितच अन्य कोणत्या खर्चाच्या बाबतीत झाला असेल. या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंतलेले दिसतात. धंद्याचा प्रवास कोणता, हा पहिला प्रश्न, आणि त्या प्रवासापोटी किती रक्कम वजा करू द्यायची, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस दर मैलामागे ठरावीक पेन्स अशा सोप्या स्वरूपात मिळाले. पहिला प्रश्न मात्र प्रत्येक सुधारणेनंतर नव्या रूपात पुढे येत राहिला.

ब्रिटनमध्ये प्राप्तिकर प्रथम आला तो फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी. पंतप्रधान धाकट्या विल्यम पिटने १७९९ पासून लागू केलेला हा कर १८०२ मध्ये रद्द झाला, पुढच्याच वर्षी तेव्हाचे पंतप्रधान ॲडिंग्टन यांनी तो नव्या रचनेत परत आणला आणि नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१६ मध्ये तो पुन्हा रद्द झाला. १८०३ च्या रचनेत उत्पन्नाचे मूळ पाहून त्याची पाच वर्गांत विभागणी करण्यात आली होती, आणि या वर्गांना ‘शेड्यूल’ म्हणजे अनुसूची असे नाव होते. व्यापार, धंदा आणि व्यवसाय यांचा नफा ‘डी’ अनुसूचीत येई, तर सरकारी पद आणि पुढे एकूणच नोकरी यांपासून होणारी कमाई ‘ई’ अनुसूचीत मोडे. सर रॉबर्ट पील यांनी १८४२ मध्ये १५० पौंडांहून अधिक वार्षिक उत्पन्नावर पौंडामागे ७ पेन्स, म्हणजे सुमारे ३ टक्के, या दराने प्राप्तिकर पुन्हा सुरू केला, तेव्हा ही रचना कायम राहिली, आणि धंद्याच्या नफ्यातून कोणता खर्च वजा करता येणार नाही हेही त्या कायद्यात सांगितले गेले. जो पैसा ‘संपूर्णपणे आणि केवळ’ धंद्याच्या कारणासाठी खर्च झालेला नाही तो वजा होणार नव्हता. करदात्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाचा खर्चही वजा होणार नव्हता. पुढील पावणेदोनशे वर्षांतील प्रवासखर्चाचे बहुतेक वाद या दोन वाक्यांच्या मधल्या पट्टीत घडले आहेत.

नोकरदारांसाठीचा नियम १८५३ च्या कायद्यात आला आणि तो याहून कितीतरी कडक होता. पदाची कर्तव्ये पार पाडताना करावा लागणारा प्रवास, ती कर्तव्ये पार पाडता यावीत म्हणून घोडा पाळण्याचा व त्याची निगा राखण्याचा खर्च, आणि त्या कर्तव्यांसाठी ‘संपूर्णपणे, केवळ आणि अपरिहार्यपणे’ करावा लागलेला इतर खर्च एवढाच त्यात मान्य होता. धंदेवाल्याचा खर्च धंद्याच्या ‘कारणासाठी’ झालेला असला की पुरे होते. नोकरदाराचा खर्च मात्र काम चालू असताना झालेला आणि टाळता न येणारा असावा लागे. एकाच रस्त्याने, एकाच वाहनातून जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला वजावट मिळावी आणि दुसऱ्याला मिळू नये, ही स्थिती या भेदातून निर्माण झाली. नियमातला घोडा तर मोटारींच्या युगातही जागचा हलला नाही: १९१८ आणि १९५२ च्या एकत्रित कायद्यांतून तो १९८८ च्या कायद्यातही उतरला आणि १९९८ मध्ये नवे नियम येईपर्यंत ब्रिटिश कायद्याच्या पुस्तकात टिकून राहिला.

एकोणिसाव्या शतकातला दुकानदार बहुधा दुकानाच्या माडीवर राही, डॉक्टर आपल्या घरातच रोगी तपासी आणि कारागिराची कार्यशाळा घराच्या मागील बाजूस असे. साहजिकच घरापासून कामापर्यंतच्या प्रवासाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत फारसा उद्भवत नसे. रेल्वेमुळे लंडनभोवती उपनगरे वाढली आणि पुढे मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, तेव्हा राहण्याची जागा आणि कमाईची जागा यांच्यात अंतर पडू लागले. हे अंतर कामामुळे पडले की माणसाच्या आवडीमुळे, हा प्रश्न मग न्यायालयांपुढे येणे अटळ होते.

त्यातला पहिला गाजलेला निवाडा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९२५ च्या अखेरीस दिलेला रिकेट्स विरुद्ध कोल्हून या खटल्यातील होय. लंडनमध्ये राहून तेथेच वकिली करणारे एक बॅरिस्टर पोर्ट्समथ या बंदराच्या शहराचे ‘रेकॉर्डर’ होते. रेकॉर्डर म्हणजे शहराच्या फौजदारी न्यायालयात वर्षातून काही वेळा बसणारा अंशकालीन न्यायाधीश. लंडनहून पोर्ट्समथला जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे आणि तेथील हॉटेलचा खर्च त्यांनी या पदाच्या मानधनातून वजा मागितला. न्यायाधीशांनी मागणी फेटाळताना असे कारण दिले की रेकॉर्डरचे काम पोर्ट्समथच्या न्यायालयात सुरू होते आणि तेथेच संपते, आणि लंडनहून यावे लागते ते त्या पदाच्या गरजेमुळे नसून पदधारकाने लंडनमध्ये राहणे पसंत केल्यामुळे. खर्च अपरिहार्य आहे की नाही हे त्या पदावर येणाऱ्या कोणत्याही माणसाचा विचार करून ठरवायचे, त्या विशिष्ट माणसाची परिस्थिती पाहून नव्हे, ही कसोटी या निवाड्याने रूढ केली आणि नोकरदारांचा मार्ग जवळजवळ बंद झाला.

धंदेवाल्याचा आणि व्यावसायिकाचा नियम सैल असल्यामुळे त्याला अधिक आशा होती. परंतु न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन या १९५२ च्या खटल्यात अपील न्यायालयाने तीही बरीच आवरती घेतली. या खटल्यातील बॅरिस्टरचे कार्यालय लंडनमधील लिंकन्स इन या वकिलांच्या वसाहतीत होते आणि घर बेडफर्डशायरमधील व्हिप्स्नेड या गावी. घरी त्यांचे कायद्याचे ग्रंथालय होते, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ते तेथे खटल्यांची कागदपत्रे वाचीत, आणि न्यायालयांच्या दीर्घ सुट्टीत तर त्यांचे बहुतेक काम घरीच चाले. दोन्ही टोकांना काम आहे, तेव्हा मधला प्रवासही कामाचाच, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. न्यायाधीश डेनिंग यांच्या मते विचार करायचा तो व्यवसायाच्या मुख्य ठिकाणाचा. ते लिंकन्स इन हे होते, आणि व्हिप्स्नेडपासून तेथवरचे अंतर पडले ते वकिलाने गावात राहायचे ठरवल्यामुळे. घरी परतणारा माणूस रात्री कागदपत्रे चाळत असला, तरी तो घरी जातो तो मुळात घरी जाण्यासाठीच, हा न्यायाधीश रोमर यांचा मुद्दाही तितकाच निर्णायक ठरला. हेतू दुहेरी असेल तर खर्च ‘केवळ’ धंद्यासाठी झाला असे म्हणता येत नाही, हे सूत्र येथे प्रवासाला लागू झाले. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ॲन मॅलल्यू या महिला बॅरिस्टरच्या न्यायालयात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च नाकारला, तोही हेच सूत्र ताणून.

स्वतंत्र कंत्राटदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निवाडा १९७१ सालचा, हॉर्टन विरुद्ध यंग या खटल्यातला. त्याची पार्श्वभूमी ब्रिटनच्या बांधकाम व्यवसायातील आहे. साठच्या दशकात तेथे ‘लम्प’ नावाची पद्धत फोफावली होती: मुख्य कंत्राटदार गवंड्यांना आणि सुतारांना नोकरीवर न ठेवता त्यांच्या टोळीशी ठोक रकमेचा करार करी, मजुरीतून कर कापला जात नसे, आणि कामगार कायद्याच्या भाषेत स्वयंरोजगारी ठरे. या पद्धतीत कर बुडतो म्हणून सरकारने पुढे १९७२ पासून, प्रमाणपत्र नसलेल्या उपकंत्राटदाराच्या देयकातून ३० टक्के रक्कम मुख्य कंत्राटदाराने कापून भरावी असा नियम केला. हॉर्टन खटल्यातील करदाता असाच एक गवंडी होता. तो ससेक्समधील ईस्टबोर्न येथे राही आणि आपल्या टोळीसह एका मुख्य कंत्राटदाराची विटांची कामे घेई. संबंधित वर्षात त्याने सात वेगवेगळ्या ठिकाणी काम केले, त्यांतले सर्वांत जवळचे घरापासून सुमारे ५ मैलांवर आणि सर्वांत लांबचे सुमारे ५५ मैलांवर होते. सकाळी तो स्वतःची मोटार काढी, वाटेत साथीदारांना घेई आणि बांधकामावर जाई. अवजारे घरी ठेवलेली असत, हिशेबाच्या वह्या तो घरी लिही, आणि पुढच्या कामाचे बोलणेही मुख्य कंत्राटदार त्याच्या घरी येऊन करी. कर-निरीक्षकाचे म्हणणे असे की प्रत्येक बांधकाम हेच त्या त्या वेळचे धंद्याचे ठिकाण होय. अपील न्यायालयाने ते फेटाळले. दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या जागेला धंद्याचे ठाणे म्हणता येत नाही, ठाणे एकच होते आणि ते ईस्टबोर्नचे घर, म्हणून घरापासून प्रत्येक बांधकामापर्यंतचा प्रवास धंद्याचाच, असा निर्णय झाला आणि ‘फिरता धंदा’ ही कल्पना करकायद्यात पक्की बसली.

व्हिप्स्नेडचा वकील आणि ईस्टबोर्नचा गवंडी या दोघांच्या निवाड्यांत विसंगती नाही, पण त्यांच्यामधली रेषा किती बारीक आहे हे इतर खटल्यांवरून कळते. १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आलेल्या वेल्समधील एका डॉक्टरचे घर आणि दवाखाना फिशगार्डला होता आणि तो हॅव्हरफर्डवेस्टच्या रुग्णालयात अंशकालीन नेमणुकीवर होता. रुग्णालयातून तातडीचा फोन आला की तो आधी फोनवरच उपचारांच्या सूचना देई आणि मग मोटारीने १५ मैलांवरील रुग्णालयात जाई. रुग्णालय त्याला १० मैलांपर्यंतच मैलभत्ता देत असे. उरलेल्या ५ मैलांचा खर्च त्याने वजा मागितला. फोन उचलताक्षणी त्याची जबाबदारी सुरू होते, म्हणून तो प्रवास कर्तव्य बजावत असतानाचाच आहे, असे बहुमताने ठरले, आणि नोकरदाराचा कडक नियम असूनही त्याला वजावट मिळाली. याउलट १९७८ च्या एका खटल्यातील दंतवैद्य घरून दवाखान्याकडे जाताना वाटेतल्या प्रयोगशाळेत थांबून कवळ्या घेई आणि परतताना दुरुस्तीच्या कवळ्या तेथे ठेवी. तो स्वयंरोजगारी असूनही त्याला काही मिळाले नाही, कारण कवळ्या घेतल्या तरी तो प्रवास घर ते दवाखाना असाच राहिला.

प्रवास धंद्याचा आहे हे मान्य झाले तरी रक्कम ठरवणे सोपे नव्हते. जुनी पद्धत प्रत्यक्ष खर्चाची होती: इंधन, विमा, दुरुस्ती, रस्ताकर या सर्वांची बेरीज करायची, वर्षभरातील एकूण मैलांपैकी धंद्याचे मैल किती याचे प्रमाण काढायचे आणि त्या प्रमाणात खर्च वजा करायचा. मोटारीच्या किमतीसाठी वेगळी तरतूद होती. आपल्याकडे ज्याला घसारा म्हणतात त्याच्याशी मिळतीजुळती ‘भांडवली सवलत’ वर्षावर्षाला मिळे, आणि महागड्या मोटारींवर ती पूर्ण मिळू नये म्हणून १९६१ पासून किमतीची मर्यादाही घालण्यात आली होती. या पद्धतीत पावत्यांच्या ढिगाऱ्यापेक्षा प्रमाणाचा वाद अधिक त्रासदायक ठरे. मोटार रविवारी मुलाबाळांना घेऊन समुद्रकिनारी जाते आणि सोमवारी विटांच्या कामावर, तेव्हा त्यातला कितवा हिस्सा खाजगी, यावर निरीक्षक आणि करदाता यांच्यात घासाघीस होई आणि अनेकदा अंदाजे ठरलेला आकडा वर्षानुवर्षे तसाच पुढे चाले.

यातून सुटका करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १९९० मध्ये नोकरदारांसाठी झाला. ‘फिक्स्ड प्रॉफिट कार स्कीम’ नावाच्या या योजनेत इंजिनाच्या आकारानुसार दर मैलाचा दर ठरलेला असे आणि मालकाने त्याहून जास्त दिलेला भत्ताच करपात्र होई. लहान उलाढालीच्या स्वयंरोजगारी लोकांनाही हे दर वापरू देण्याची सवलत कर खात्याने दिली. एप्रिल २००२ पासून इंजिनाचा भेद संपला आणि वर्षातील पहिल्या १०,००० मैलांना ४० पेन्स व पुढील प्रत्येक मैलाला २५ पेन्स असा एकच दर आला. एप्रिल २०११ मध्ये ४० चे ४५ पेन्स झाले, आणि त्यानंतर इंधनाचे भाव कितीही हलले तरी दशकाहून अधिक काळ तो आकडा तेथेच राहिला. स्वयंरोजगारी धंद्यांसाठी हीच पद्धत ‘सरलीकृत खर्च’ या नावाने एप्रिल २०१३ पासून कायद्यातच घालण्यात आली. तिचे गणित साधे आहे: वर्षात १२,००० मैल धंद्यासाठी मोटार चालवणारा कंत्राटदार पहिल्या १०,००० मैलांचे ४,५०० पौंड आणि उरलेल्या २,००० मैलांचे ५०० पौंड, असे ५,००० पौंड वजा करतो. त्याच मोटारीचा वर्षाचा प्रत्यक्ष खर्च ६,००० पौंड आणि एकूण धाव १६,००० मैल असेल, तर जुन्या पद्धतीने तीन चतुर्थांश म्हणजे ४,५०० पौंडच मिळतील. खर्चिक मोटार असेल तर फायदा उलट बाजूला जाईल. मात्र एखाद्या मोटारीसाठी मैलांचा दर एकदा स्वीकारला की ती धंद्यात असेपर्यंत तोच चालू ठेवावा लागतो, आणि जिच्यावर आधीच भांडवली सवलत घेतली आहे तिला तो लागू होत नाही. मोटार ठेवण्याचा आणि चालवण्याचा खर्च या दरातच धरलेला असतो. वाहनतळाचे शुल्क आणि पथकर यांसारखे खर्च मात्र वेगळे दाखवता येतात.

याच काळात पहिला प्रश्न मात्र अनपेक्षित वाटेने उलटला. १९९८ च्या सुधारणेत नोकरदारांचा नियम सैल झाला: घरापासून कायमच्या कामाच्या जागी जाण्याचा प्रवास पूर्वीप्रमाणेच अमान्य राहिला, पण तात्पुरत्या जागी, म्हणजे ढोबळमानाने जेथे २४ महिन्यांहून अधिक काळ मुख्यतः काम होणार नाही अशा जागी, जाण्याचा खर्च मान्य झाला. याचा मोठा लाभ घेतला तो संगणक क्षेत्रातील कंत्राटी तज्ज्ञांनी. ते स्वतःच्या नावाची छोटी कंपनी काढीत, तिचे संचालक आणि कर्मचारी स्वतःच असत, आणि एखाद्या बँकेतून एखाद्या विमा कंपनीत सहासहा महिन्यांची कामे करीत. कायद्याच्या दृष्टीने ते आपल्या कंपनीचे नोकर असल्यामुळे प्रत्येक ग्राहकाचे कार्यालय त्यांची तात्पुरती जागा ठरे आणि घरापासूनचा मैलभत्ता कंपनीकडून करमुक्त मिळे. महाराष्ट्रातून ब्रिटनमध्ये जाऊन कंत्राटी कामात शिरलेल्या अभियंत्यांनाही ‘लिमिटेड कंपनी’ आणि ‘चोवीस महिन्यांचा नियम’ हे शब्द याच काळात परिचयाचे झाले. दीडशे वर्षे ज्याचा नियम कडक होता तो नोकरदार आता अशा प्रकारे स्वयंरोजगारी माणसाहून सुस्थितीत आला. सरकारने एप्रिल २००० पासून ‘आयआर ३५’ या नावाने ओळखले जाणारे नियम आणून, कंपनीचा पडदा बाजूला केल्यास जो प्रत्यक्षात ग्राहकाचा नोकरच ठरतो त्याच्यावर नोकरासारखा कर बसवला, आणि एप्रिल २०१६ पासून अशा कामांत घर ते ग्राहक या प्रवासाची सवलतही काढून घेतली.

स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्यांसाठी अलीकडची मर्यादारेषा २०१४ च्या सॅमेडियन खटल्याने आखली. करदाता वृद्धांच्या आजारांचा तज्ज्ञ डॉक्टर होता. सरकारी रुग्णालयातील नोकरीखेरीज तो दोन खाजगी रुग्णालयांत ठरावीक वारी रुग्ण पाही आणि खाजगी व्यवसायाची कागदपत्रे घरातील कार्यालयात हाताळी. हे घरातील कार्यालय खरोखर व्यवसायाचे ठिकाण आहे हे कर खात्यालाही मान्य होते. तरीसुद्धा अपील न्यायाधिकरणाने असे ठरवले की ज्या ठिकाणी माणूस नियमितपणे आणि अपेक्षित वेळी जातो ते त्याच्या धंद्याचे ठिकाण होय, आणि घरापासून तेथवरच्या प्रवासात घरी राहण्याचा हेतू मिसळलेलाच असतो. फिरत्या धंद्याची सवलत त्यामुळे खरोखर फिरणाऱ्यांपुरती, म्हणजे गवंड्यासारख्या किंवा रुग्णाच्या घरी अचानक बोलावल्या जाणाऱ्या डॉक्टरसारख्यांपुरती, मर्यादित राहिली.

ब्रिटिश कायद्यातील ‘संपूर्णपणे आणि केवळ’ ही कसोटी भारतातही आली. व्हाइसरॉयच्या मंडळाचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये येथे प्राप्तिकर आणला, आणि १९२२ च्या कायद्यात १९३९ साली झालेल्या दुरुस्तीने धंद्याच्या खर्चासाठी हीच शब्दरचना घातली; तेथून ती १९६१ च्या कायद्याच्या कलम ३७ मध्ये उतरली. पण दर मैलाचा किंवा किलोमीटरचा दर ठरवण्याच्या ब्रिटिश वाटेने भारत गेला नाही. येथे व्यावसायिक इंधन, चालकाचा पगार आणि घसारा खर्चात दाखवतो, खाजगी वापराचा हिस्सा त्यातून वगळतो आणि त्या हिश्शावरून करनिर्धारणाच्या वेळी वाद होतात. २०१६ मध्ये आलेल्या कलम ४४एडीएने वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद यांसारख्या ठरावीक व्यवसायांतील लहान करदात्यांना एक वेगळाच पर्याय दिला: एकूण मिळकतीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली की उरलेल्या निम्म्यात मोटारीसह सर्व खर्च आला असे मानले जाते. पुण्यातील एखादा वास्तुविशारद हा मार्ग निवडतो तेव्हा त्याची मोटार किती किलोमीटर कोठे धावली, हे कर ठरवताना कोणी विचारत नाही.

या दोन वाटांची तुलना केली म्हणजे मैलांच्या दराने काय साधले आणि काय साधले नाही, हे स्पष्ट होते. भारतीय पर्यायाने दोन्ही प्रश्न एकदम मिटवले, पण ज्याला खूप फिरावे लागते आणि ज्याला मुळीच फिरावे लागत नाही त्या दोघांना एकाच मापाने मोजले. ब्रिटिश दराने फिरणाऱ्याला त्याच्या फिरण्याच्या प्रमाणात न्याय दिला आणि पावत्यांची कटकट संपवली. परंतु मैल मोजायचे तर कोणते मोजायचे हे ठरवावेच लागते, आणि तो दर १९५२ आणि १९७१ च्या निवाड्यांवर उभा आहे, त्यांच्या जागी आलेला नाही. म्हणूनच ब्रिटनमधील कंत्राटदाराला पेट्रोलच्या पावत्या टाकून देता आल्या तरी प्रवासाची नोंदवही ठेवावीच लागते, आणि त्या वहीत तारीख, निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण, कामाचे कारण व मैल हे पाच रकाने असावे लागतात. त्यांतला शेवटचा रकाना दराने गुणून भागतो. आधीच्या चारांचा उपयोग वाद झाल्यास आपले ठाणे कोठे होते हे दाखवण्यासाठी होतो, आणि वजावट टिकणार की नाही हे त्यांवरच ठरते.